रोजच्या लॅपटॉपवर बीटा ओएस टाकायचीये? आधी परत यायची सोय करून ठेवा

लॅपटॉप एकच आहे, त्यावरच काम, त्यावरच फोटो, त्यावरच बँक, आणि आवडत्या सिस्टमची पुढची बीटा, म्हणजे फायनलच्या आधीची चाचणीची आवृत्ती, आलीय, आयएसओ (सिस्टम टाकायची फाइल) डाउनलोड करून ठेवलीय पण टाकायचा धीर होत नाहीये. मला हे बरेच जण विचारतात आणि मी नेहमी टाका असंच सांगते, फक्त एक अट घालते. काहीही बिघडलं तरी तासाभरात तुम्ही जुन्या सिस्टमवर कामाला बसलेले असले पाहिजेत. एवढी सोय आधी झाली की बीटामध्ये मग काहीही होऊ दे, तुमचं काही अडत नाही, आणि अडत नाही म्हणूनच तुम्ही ती नीट, सावकाश, जिथे मोडेल तिथे थांबून बघू शकता.

नवीन मेनू चार आठवडे आधी बघायला मिळतो म्हणून मी बीटा टाकत नाही. सिस्टम बनवणाऱ्यांकडे तुमचा लॅपटॉप नसतो. तोच टचपॅड, तीच वाय-फाय चिप, बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) तेच व्हर्जन, वर मराठी कीबोर्ड लावलेला आणि शेजारी जुना मॉनिटर जोडलेला, असं सगळं एकत्र फार थोड्या टेबलांवर असतं. तुमच्या मशीनवर जे मोडतंय ते फायनलच्या आधी कळवलं तर दुरुस्त व्हायची बरीच आशा असते, फायनल आल्यावर कळलं तर मग पुढचे सहा महिने तुम्हीच ते सोसत बसता.

आता प्री-रिलीज म्हटलं की त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या एकात एक मिसळतात. रोज बनणारी डेली बिल्ड, फेडोरा या लिनक्स सिस्टमचं रॉहाइड, डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं अनस्टेबल म्हणजे सिड, विंडोज इनसायडरमधलं (मायक्रोसॉफ्टच्या चाचणी योजनेतलं) कॅनरी चॅनेल, हे सगळं कायम हलत असतं, आज चाललेली गोष्ट उद्या सकाळच्या अपडेटला बंद पडू शकते आणि त्यात कुणाची चूकही नसते, त्या जागा त्यासाठीच आहेत. बीटा त्याच्या बरीच पुढची पायरी. तोपर्यंत फीचर फ्रीझ झालेला असतो, म्हणजे नवीन काही आत घ्यायचं नाही, आहे ते फक्त दुरुस्त करायचं. आणि रिलीज कॅन्डिडेट म्हणजे आता मोठं काही निघालं नाही तर हेच फायनल. उबंटू या लिनक्सचा नंबरच वर्ष आणि महिना सांगतो, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, पुढचं ऑक्टोबरला, आणि बीटा त्याच्या काही आठवडे आधी येते. फेडोराही साधारण सहा महिन्यांच्या चक्रावर चालतं. पहिल्यांदाच करत असाल तर बीटाच घ्या. रॉहाइड किंवा सिड रोजच्या लॅपटॉपवर मुख्य सिस्टम म्हणून चालवणारे लोक आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ती सवय वर्षानुवर्षं अंगात मुरावी लागते.

धोका खरा आहे, तो समजून घ्या

बरेच जण म्हणतात की जास्तीत जास्त काय होईल, फॉरमॅट मारू. बहुतेक वेळा तेवढंच होतं, पण नेहमी नाही. २००८ मध्ये लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) २.६.२७ चे रिलीज कॅन्डिडेट लोक वापरून बघत होते तेव्हा इंटेलच्या काही नेटवर्क चिपची आतली मेमरीच खराब व्हायला लागली, ई१०००ई नावाच्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडने) चालणाऱ्या चिप होत्या त्या, आणि एकदा ती मेमरी बिघडली की डिस्क फॉरमॅट करून काय उपयोग, चिप ओळखलीच जात नव्हती. मूळ कारण शेवटी भलतीकडेच सापडलं, कर्नलच्या ट्रेसिंगच्या, म्हणजे आत काय चाललंय ते नोंदवणाऱ्या, कोडमध्ये. दुसरं उदाहरण तर फायनलचं आहे, उबंटू १७.१०. ती ऑक्टोबर २०१७ ला आली आणि डिसेंबरमध्ये तिचं डाउनलोड मागे घ्यावं लागलं, कारण काही लेनोवो आणि इतर लॅपटॉपवर बायोसची सेटिंग सेव्ह होईनाशी झाली, काहींवर यूएसबीवरून बूटही होईना. तिथेही दोष कर्नलमधल्या एका इंटेल ड्रायव्हरचा होता, जो बायोसच्या चिपला हात लावत होता. सुधारलेली आयएसओ जानेवारी २०१८ ला आली. अशा गोष्टी फार क्वचित होतात, पण म्हणूनच मी बीटाची पहिली घोषणा झाली की त्याच दिवशी टाकत नाही. तीन-चार दिवस थांबते, रिलीज नोट्समधला माहीत असलेल्या अडचणींचा भाग पूर्ण वाचते, आणि माझ्या लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव टाकून बग ट्रॅकरमध्ये (चुकांच्या नोंदींच्या साइटवर) शोधते. वीस मिनिटं जातात, पण एवढं केल्याशिवाय पुढचं काही करू नका.

दुसरा धोका सिक्युरिटीचा आणि तो लोकांच्या डोक्यातच येत नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवलाय. हे व्हर्जन कुठे पोचलं होतं बघा, डेबियनचं टेस्टिंग आणि अनस्टेबल, फेडोराचं रॉहाइड आणि फेडोरा ४० ची बीटा शाखा, ओपनसुसे या लिनक्सचं टंबलवीड. डेबियन स्टेबलवाल्यांना त्याची झळ लागली नाही. उबंटू २४.०४ ची बीटा तर ४ एप्रिलची ११ एप्रिलला गेली कारण त्यांनी हे व्हर्जन आल्यानंतर बनलेली सगळी पॅकेजेस (सिस्टममधले प्रोग्राम) पुन्हा बनवून घेतली. म्हणजे नवीन कोड आधी आपल्यासारख्यांकडे येतो, आणि त्यातलं वाईटही आधी आपल्याकडेच येतं. म्हणून बीटावर बँकेत लॉगिन करू नका, पासवर्ड मॅनेजरची पूर्ण तिजोरी उघडू नका, ऑफिसच्या सर्व्हरच्या चाव्या कॉपी करू नका. त्यासाठी जुनी सिस्टम तशीच बाजूला आहे ना, तिच्यावर जा, पाच मिनिटांचं काम असतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. फ्रॉइंडला ते कसं कळलं? तो डेबियन सिडवर दुसरंच काहीतरी मोजत होता आणि त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायला, नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आणि त्याने ते सोडून दिलं नाही, खोदत गेला. बीटा वापरताना काहीतरी जरासं वेगळं वाटलं तर लिहून ठेवा असं मी सारखं सांगते ते म्हणूनच.

टाकण्याआधीची तयारी

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, मी सांगते की बॅकअप परत आणून बघा. बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलेल्या फाइल्समधून तीन-चार कुठल्याही निवडा, एक जुना फोटो, एक स्प्रेडशीट, एखादा मोठा व्हिडिओ, आणि त्या दुसऱ्या मशीनवर किंवा लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टमवरून) उघडा. माझ्याकडे एकदा बॅकअप पूर्ण होता, डिस्कही चांगली होती, पण तो एन्क्रिप्ट केलेला होता आणि त्याची किल्ली मी ज्या लॅपटॉपवर ठेवली होती तोच बंद पडला होता. किल्ली दुसऱ्या पेनड्राइव्हवर सापडेपर्यंत दोन रात्री मला झोप नव्हती, तेव्हापासून बॅकअपची किल्ली मी कागदावर लिहून कपाटात ठेवते.

फाइल्सच्या कॉपीबरोबर पूर्ण डिस्कची इमेज पण घ्या, क्लोनझिला यासाठी उत्तम आहे, दिसायला जुनाट आहे पण काम चोख करतं. फाइल्सची कॉपी तुमचा डेटा वाचवते, इमेज तुमचा वेळ वाचवते, कारण मग सगळे प्रोग्राम, सेटिंग, प्रिंटर, सगळं जसंच्या तसं परत येतं. मॅकवर टाइम मशीनचा ताजा बॅकअप घेऊन ती डिस्क काढून बाजूला ठेवा, बीटात असताना ती जोडू नका.

विंडोजवाल्यांनी एक गोष्ट अजिबात विसरायची नाही, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन तुम्ही न सांगताच चालू असतं, आणि तुम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बदलला किंवा बूटचा क्रम हलवला की पुढच्या वेळी विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ आकडे मागतं. ते आकडे मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असतात, पण ते अकाउंट उघडायला दुसरं मशीन लागतं. आधीच उतरवून घ्या. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण तो चालू असला की विंडोज शटडाउन केल्यासारखं दाखवून खरं तर अर्धवट झोपलेलं असतं, मग लिनक्सला ते पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) धड उघडता येत नाही आणि जबरदस्तीने उघडलं तर फाइल्स खराब व्हायची भीती असते.

बायोसचं अपडेट बाकी असेल तर ते आत्ता, जुन्या स्थिर सिस्टमवरूनच करून घ्या. बीटा टाकल्यावर करू नका, नाहीतर नंतर काही बिघडलं तर दोष बायोसचा का बीटाचा हेच कळत नाही.

आणि पेनड्राइव्ह दोन लागतात. एकावर बीटा, दुसऱ्यावर आत्ता चालू असलेल्या सिस्टमचा इन्स्टॉलर. दुसरा बनवून त्यावरून एकदा बूट करून बघा, बूट मेनूची की कुठली ते पण तेव्हाच कळेल, एफ१२ असेल, एफ९ असेल, एस्केप असेल, ते कागदावर लिहा. लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर अडकलाय आणि ती की फोनवर शोधत बसलोय अशी वेळ येऊ नये.

आयएसओ उतरली की चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आलीय का ते सांगणारा आकडा, जुळवा. साइटवर एसएचए २५६ चा ६४ अक्षरांचा आकडा दिलेला असतो, तुमच्या फाइलचा काढायचा आणि ताडून बघायचा. अर्धवट उतरलेल्या आयएसओमुळे इन्स्टॉल मध्येच फसतं आणि लोक बीटाला बोल लावतात, हे मी किती वेळा पाहिलंय. पेनड्राइव्हवर लिहायला रुफस, एचर, व्हेंटॉय, जे जमेल ते वापरा, ८ जीबीचा पुष्कळदा पुरतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

आधी इन्स्टॉल न करता बघा

लिनक्स असेल तर लाइव्ह मोडमध्ये बूट करून निदान एक संध्याकाळ काढा, डिस्कला हात लागत नाही आणि निम्म्या अडचणी इथेच कळतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून बघणं सोपं आहे, दिसतं कसं तेवढं कळतं, पण त्यात तुमचं हार्डवेअर तपासलं जातच नाही, त्यामुळे मी त्याला तपासणी धरत नाही.

लाइव्हमध्ये वाय-फाय लावा, पाच मिनिटं एखादा व्हिडिओ बघा, ब्लूटूथ हेडफोन जोडा आणि त्याचा माइक चालतो का बघा, कारण आवाज येतो पण माइक जात नाही हा प्रकार फार होतो. कॅमेरा. ब्राइटनेसच्या कीज. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल. बाहेरचा मॉनिटर जोडा, काढा, पुन्हा जोडा. एसडी कार्ड, फिंगरप्रिंट, हेडफोनचं भोक. हे सगळं वीस मिनिटांत होतं, पटापट उरका.

झाकणाच्या टेस्टला मात्र वेळ द्या, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. चार्जर काढा, बॅटरी किती टक्के आहे ते आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहा, झाकण लावा, तासभर हात लावू नका. तासाने झाकणाखाली हात ठेवून बघा, लॅपटॉप गार असला पाहिजे. उघडा, स्क्रीन किती सेकंदांत आली, वाय-फाय आपोआप जोडलं का, टचपॅड हलतोय का, आवाज येतोय का, आणि बॅटरी किती उतरली. एक-दोन टक्के उतरली तर ठीक. नव्या लॅपटॉपमध्ये झोपेची जुनी खोल पद्धत बऱ्याचदा नसतेच, प्रोसेसर हलक्या झोपेत असतो, त्यामुळे एखादा ड्रायव्हर नीट झोपला नाही की सगळं मशीन जागंच राहतं. माझ्या बाबतीत एका बीटावर असंच झालं होतं, झाकण लावलं, बॅगेत टाकलं, दोन तासांनी बॅग उघडली तर लॅपटॉप चटका बसेल इतका तापलेला, बॅटरी ऐंशीवरून शून्य. लॉग (सिस्टमची नोंदवही) बघितला तर ब्लूटूथचा भाग झोपायला तयार नव्हता, सिस्टम झोपायला जायची, एरर यायची, परत जागी व्हायची, दोन तास हेच चाललेलं. तो लॉग जोडून बग टाकला, दोन अपडेटनंतर बरं झालं. तोपर्यंत मी बॅगेत ठेवायच्या आधी पूर्ण शटडाउन करत होते आणि बीटाच्या काळात तुम्हीही तेच करा, झाकणावर भरवसा ठेवायचा नाही.

कुठे टाकायची

सगळ्यात निर्धोक जागा म्हणजे बाहेरची एसएसडी. यूएसबी ३ वर ती रोजच्या कामाला पुरेशी फास्ट चालते, आतल्या डिस्कला धक्का नाही, काढली की लॅपटॉप पूर्वीसारखा. फक्त एक खाचखळगा आहे, काही इन्स्टॉलर सिस्टम बाहेरच्या डिस्कवर टाकतात पण बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे बूटच्या फाइल्सच्या जागी, ठेवतात, मग बाहेरची डिस्क काढली की आतलं पण बूट होईना अशी वेळ येऊ शकते. बायोसमध्ये आतली डिस्क बंद करायची सोय असेल तर इन्स्टॉलपुरती बंद करा. नसेल तर बूटलोडर कुठे जातोय तो स्क्रीन दोनदा वाचा.

बाहेरची डिस्क नसेल तर वेगळं पार्टिशन. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं असेल तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा, दुसऱ्या टूलने नको. ५० जीबी पुरे. आणि इथे एक मोह सगळ्यांना होतो, होम फोल्डर दोन्ही सिस्टमना एकच द्यायचा. तो टाळा! बीटामधला नवा प्रोग्राम तुमच्या सेटिंगच्या फाइल नव्या पद्धतीने लिहून ठेवतो आणि जुन्या सिस्टममधल्या जुन्या प्रोग्रामला त्या वाचता येत नाहीत. फायरफॉक्स तर ६७ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून, नव्याने वापरलेली प्रोफाइल जुन्यात उघडायलाच नकार देतो. दोन सिस्टमचे होम वेगळे ठेवा, लागणाऱ्या कागदपत्रांची कॉपी बीटात घ्या, मूळ फाइल नको.

क्लाउडचंही तसंच आहे. २०१९ मध्ये आयओएस १३ आणि मॅकओएस कॅटालिना आल्या तेव्हा नव्यात रिमाइंडर्स अपग्रेड केले की जुन्या सिस्टमवाल्या उपकरणांवर ते दिसत नव्हते. लॅपटॉप परत मागे नेता येतो, क्लाउडमध्ये बदललेला डेटा मागे नेता येत नाही. शक्य असेल तर बीटासाठी वेगळं अकाउंट काढा, निदान सिंक तरी बंद ठेवा.

मॅकवर एपीएफएसमध्ये (ॲपलच्या फाइल सिस्टममध्ये) वेगळा व्हॉल्यूम बनवून त्यात बीटा टाकता येते, जागा आधी वाटून द्यावी लागत नाही, दोन्ही मिळून वापरतात, आणि नको झाली की तो व्हॉल्यूम डिलीट. मुख्य व्हॉल्यूमवर अपडेट म्हणून घेतलीत तर परत यायला डिस्क पुसून बॅकअप आणावा लागतो. विंडोज इनसायडरमध्ये कॅनरी किंवा डेव्ह घेतलं की साध्या विंडोजवर यायचा रस्ता सहसा क्लीन इन्स्टॉलचाच असतो, मागे जायचं बटण असतं पण अपग्रेडनंतर दहाच दिवस. शिवाय त्या बिल्डला एक्सपायरी तारीख असते आणि डायग्नोस्टिक डेटा पाठवणं चालू ठेवावं लागतं, हे मान्य असेल तरच घ्या. रिलीज प्रिव्ह्यू त्यातल्या त्यात मवाळ आहे, एकच मशीन असेल तर तेच.

वापरायला लागल्यावर

अपडेट रोज बघा पण डोळे मिटून होय म्हणू नका. डेव्हलपमेंटमधल्या शाखेत पॅकेजेस अर्धवट पोचलेली असतात, एक आलं, त्याचं जोडीदार पॅकेज अजून बनतंय, आणि मग पॅकेज मॅनेजर विचारतो की हे टाकायचं तर ही चाळीस काढू का. त्या यादीत तुमचा पूर्ण डेस्कटॉप असू शकतो. काढायच्या यादीत ओळखीचं नाव दिसलं की नाही म्हणा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा, बहुतेक वेळा आपोआप सुटलेलं असतं. जुना कर्नल काढून टाकू नका, नव्याने बूट नाही झालं तर ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या मेनूतून जुना निवडता येतो. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम असेल तर प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या, पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप समजू नका.

ड्युअल बूटमध्ये घड्याळ काही तास पुढे-मागे दिसलं तर घाबरू नका, विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), बीटाचा दोष नाही तो.

आणि मराठी तपासा. हे मी कळकळीने सांगतेय, कारण आपण नाही बघितलं तर कोण बघणार? एडिटर उघडून दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, ॲप, ऑफिस, ज्ञानेश्वर असं टाइप करा. दुसऱ्यामधला तो आडवा, पापणीसारखा र नीट जुळतोय का, का र खाली हलन्त लटकतोय आणि य सुटा पडलाय? ॲ दिसतोय का तिथे चौकोन येतोय? मग हेच फाइलच्या नावात, ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये, नोटिफिकेशनमध्ये, कारण प्रत्येक ठिकाणी अक्षरं जुळवायचं काम वेगळा कोड करत असू शकतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवरून इंग्रजीवर आणि परत असं दहा वेळा करा. उबंटू २५.१० पासून गनोम या डेस्कटॉपचं जुनं एक्स११ सेशन (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची जुनी पद्धत) निघून गेलं, सगळं वेलँड या नव्या पद्धतीवर आलं, तेव्हा टायपिंगची जुनी टूल्स आणि स्क्रीन शेअरिंग वापरणाऱ्यांनी हे आधीच बघून घेणं फार गरजेचं आहे. आणि चूक दिसली की आधी जुन्या सिस्टमवर जाऊन तेच टाइप करून बघा. तिथेही तसंच असेल तर तो जुना बग, तिथे नीट आणि इथे मोडलेलं असेल तर ते बनवणाऱ्यांना लगेच हवं असतं.

बग कसा लिहायचा

वाय-फाय चालत नाही, एवढं लिहिलेला बग कुणाच्याच कामाचा नाही. असं लिहा: झाकण लावून दहा मिनिटांनी उघडलं की वाय-फायची यादी रिकामी दिसते, पाच वेळा करून बघितलं, चार वेळा झालं, वाय-फाय बंद करून चालू केलं की येतं, लॅपटॉपचं मॉडेल हे, चिप ही, कर्नलचं व्हर्जन हे, आणि मागच्या रिलीजमध्ये याच मशीनवर असं होत नव्हतं. शेवटचं वाक्य सगळ्यात किमती. बरोबर लॉग जोडा, मशीन अडकून रीस्टार्ट करावं लागलं असेल तर लिनक्सच्या जर्नलसीटीएल या कमांडला मायनस बी मायनस वन दिलं की आधीच्या बूटचा लॉग मिळतो, आत्ताचा नको. लॉग जोडायच्या आधी वाचून घ्या, त्यात तुमच्या नेटवर्कचं नाव, युजरनेम असतं. उबंटूत उबंटू-बग कमांड बरीचशी माहिती आपोआप गोळा करते, विंडोजमध्ये फीडबॅक हब आहे, मॅकवर फीडबॅक असिस्टंट. ट्रॅकरवर इंग्रजी लागतं, पण छोटी सरळ वाक्यं पुरतात, कुणी व्याकरण तपासत नाही.

एका बगमध्ये एकच गोष्ट लिहा. आधी कुणी टाकलाय का शोधा, असेल तर तिथेच तुमच्या मशीनची माहिती भरा. आणि डेटा गेला असेल तर ते पहिल्या ओळीत ठळक सांगा. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइल्स उडाल्या म्हणून काही दिवसांतच थांबवावं लागलं, पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. वाईट हे की इनसायडर टेस्टरपैकी काहींनी आधीच फाइल्स गेल्याचं कळवलं होतं, पण थोड्याच लोकांनी लिहिलेलं असल्याने त्या नोंदी ढिगात खाली राहिल्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने फीडबॅक हबमध्ये त्रास किती गंभीर आहे हे सांगायची वेगळी सोय केली. ती सोय असेल तिथे वापरा, आणि खरंच गंभीर असेल तेव्हाच गंभीर म्हणा.

परत यायचं किंवा पुढे जायचं

नको झाली तर बाहेरची डिस्क काढा, झालं. पार्टिशनवर असेल तर आधी बायोसमध्ये बूटचा क्रम जुन्या सिस्टमवर न्या, ती दोन-तीन वेळा नीट बूट होतेय याची खात्री करा, मगच बीटाचं पार्टिशन उडवा, उलट क्रमाने केलंत तर ग्रब त्याच्या हरवलेल्या फाइल्स शोधत काळ्या स्क्रीनवर थांबतो. तसं झालंच तर तो दुसरा पेनड्राइव्ह काढा.

आवडली आणि ठेवायची असेल तर उबंटू आणि फेडोरामध्ये वेगळं काही टाकावं लागत नाही, अपडेट घेत राहिलं की फायनलच्या दिवशी तुम्ही फायनलवरच असता. फेडोरात एकच बघा, बीटात अपडेट्स-टेस्टिंग नावाची रेपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) चालू असते, फायनलच्या सुमाराला ती आपोआप बंद होते, झालीय ना तेवढं तपासा आणि एकदा डिस्ट्रो-सिंक (पॅकेजेस साठ्याशी जुळवणारी कमांड) चालवा. नंतरही जुनी डिस्क इमेज निदान महिनाभर पुसू नका. दरम्यान तुम्ही टाकलेल्या बगवर डेव्हलपरने काही विचारलेलं असतं, अमुक कर्नलवर करून बघा वगैरे, त्याला उत्तर द्या, बरेच बग फक्त समोरून उत्तर आलं नाही म्हणून बंद होतात.